सेवकवृत्तीचे नेतृत्व (ख्रिस्ती परंपरा)

अधिकार हुकमत गाजवण्यासाठी नसून इतरांच्या सेवेसाठी असतो, ही ख्रिस्ती जीवनातील नेतृत्वाची मूळ धारणा. मार्ककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात याकोब व योहान हे शिष्य येशूकडे मानाच्या जागा मागतात. तेव्हा ज्याला मोठे व्हायचे त्याने सेवक व्हावे, असे येशू शिष्यांना सांगतो. तेथे आलेला ‘दियाकोनोस’ हा ग्रीक शब्द पंगतीत वाढणाऱ्यालाही लावला जाई.

योहानकृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊन पुसतो. धुळीने भरलेले पाय धुणे हे चाकराचे काम. पेत्र हा शिष्य आधी नकार देतो. पुढे येशूचा विश्वासघात करणारा शिष्य यहूदाही त्या वेळी तेथेच असतो. नम्रता, क्षमाशीलता, हलके मानलेले काम स्वतः करण्याची तयारी आणि मानाची अपेक्षा नसणे, या वृत्ती या प्रसंगात एकवटल्या आहेत.

पोप पहिला ग्रेगरी (कार. ५९०–६०४) स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवी. ईस्टरपूर्वीच्या पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी आजही होतो. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधार तुरुंगातील १२ तरुण बंद्यांचे पाय धुतले.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा व कामाचे शिक्षण दिले. विद्वत्तेचा मान लाभूनही त्यांनी आयुष्य या मुलींसाठी वेचले, हे या वृत्तीचे लखलखीत उदाहरण होय.