गवताची तबकडी

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजांची नावे डोळ्यांपुढे उभी राहतात. ग्रामोफोनच्या तबकडीलाही इतिहास असतो आणि तो एखाद्या नदीच्या काठी घडलेला असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. आज वाचकांपुढे मांडतो आहे ती कहाणी अशाच एका विस्मृत तबकडीची. तिचे नाव 'गॉड ब्लेस द ग्रास', म्हणजे 'देव गवताचे भले करो'. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने ती १९६६ साली काढली. आरोंद्यासारख्या खाडीकाठच्या गावात राहणाऱ्या माझ्या कानी ती पडली ती कितीतरी वर्षे लोटल्यावर. पण पडली आणि मनात घर करून बसली.

गायक पीट सीगर आपल्याला अगदीच परका नाही. आपली मुले शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हणतात. त्याचे मूळ 'वुई शॅल ओव्हरकम' हे गीत जगभर पोहोचवण्यात या बॅन्जो वाजवणाऱ्या लोकगायकाचा मोठा वाटा होता. १९५५ साली अमेरिकी संसदेच्या समितीने त्याला त्याच्या राजकीय मतांविषयी खोदून विचारले. त्याने उत्तर द्यायचे नाकारले. त्याबद्दल १९६१ साली त्याला एक वर्षाची कैद सुनावण्यात आली आणि १९६२ साली वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. तरी दूरचित्रवाणीच्या मोठ्या कंपन्यांची दारे त्याला पुढे काही वर्षे बंदच राहिली.

हा माणूस नदीकडे वळला कसा? १९४९ साली न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस बीकन गावाजवळ त्याने डोंगरउतारावर जमीन घेतली आणि स्वतःच्या हातांनी ओंडक्यांचे घर बांधले. खाली हडसन वाहत होती. सुमारे पाचशे किलोमीटर लांबीची ही नदी तेव्हा शहरांच्या मैल्याने आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने नासून गेली होती. आधी गरिबांना न्याय मिळू दे, मग झाडापाण्याचे पाहू, असे तोवर सीगरला वाटे. १९६२ साली रेचेल कार्सनबाईंचे 'सायलेंट स्प्रिंग' वाचनात आले आणि त्याला उमगले, की गरिबांच्या हाती उद्या पृथ्वी आली तरी ती विषारीच असायची!

या तबकडीत तोच विचार गाण्यांतून उतरला आहे. शीर्षकगीत माल्विना रेनॉल्ड्स या बाईंचे. सिमेंटची फट शोधून वर येणाऱ्या गवताचे ते गाणे आहे. पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांच्या फटींतून हिरवी पाती वर आलेली पाहणाऱ्या कोकणी माणसाला ते कुणी समजावून सांगायला नको. दुसरे एक गाणे खुद्द सीगरचे, मळलेल्या हडसनवरचे. तबकडीच्या वेष्टनावरचा मजकूर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांचा. ज्याला कालपरवा कैद सुनावली, त्याच्याच गाण्यांना न्यायमूर्तींनी अशी साथ द्यावी, याचे मला नवल वाटते.

तबकडी मात्र फारशी गाजली नाही. तेव्हा लोकांच्या मनात कृष्णवर्णीयांचे हक्क आणि व्हिएतनामचे युद्ध होते. नदी आणि गवत हा विषय त्यांना मवाळ वाटला असावा. वसुंधरा दिन प्रथम साजरा झाला तो १९७० साली, म्हणजे चार वर्षांनी. गाणे वेळेआधी आले होते.

सीगर खट्टू होऊन बसला नाही. आपल्या गलबतांसारखी शिडाची जहाजे पूर्वी हडसनवरही मालाची ने-आण करीत. तशाच धर्तीचे १०६ फुटी 'क्लिअरवॉटर' त्याने मित्रांसह वर्गणी गोळा करून बांधवून घेतले. ते १९६९ साली पाण्यात उतरले. ते गावोगावच्या धक्क्यांना लागे, गाणी होत, मुले जहाजावर चढून नदीतले जीव जवळून पाहत. १९७२ साली अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा मोठा कायदा झाला. तो एका गलबताने केला असे मी म्हणणार नाही; पण पाठ फिरवून बसलेले लोक त्या गलबतामुळे पुन्हा नदीकडे पाहू लागले, हे खरे. हडसन पुष्कळ निवळली, तरी तळच्या गाळात कारखान्यांचे विष अजून आहे. सीगर २०१४ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेला.

आमची नदी तेरेखोल. एका काठी आरोंदा, समोर गोव्याचे किरणपाणी. डिसेंबर १९६१ पर्यंत पलीकडे पोर्तुगीजांचे राज्य होते. आता ते नाही, पण वाळूच्या उपशाची तक्रार दोन्ही काठांवर कित्येक वर्षे ऐकू येते. आमची ग्रामदेवता सातेरी. या मुलखात तिला वारुळाच्या रूपात पूजतात. तेव्हा मातीला देव मानायला आम्हांला अमेरिकेकडून शिकायचे नाही. पण वारुळापुढे हात जोडणारे आम्ही, खाडीच्या बाबतीत मात्र ती सरकारची म्हणून मोकळे होतो. सीगरकडून घ्यायचे ते एवढेच, की गाणे घेऊन लोकांना पाण्यापाशी न्यावे.

दिवाळी सरली की जत्रा सुरू होतील, दशावताराला सारा गाव रात्रभर जागेल. अशीच एक रात्र खाडीच्या काठी व्हावी. डबलबारीच्या बुवांनी तेरेखोलवर पद बांधावे, आणि ऐकायला पलीकडचे किरणपाणीकरही यावेत, असे मला फार वाटते.