पहिली की पाचवी? आमच्या होळकर संघाच्या नावाची गोष्ट



आपल्या या पानावर वाडे, गणपती, शाळा, सराफ्यातल्या रात्री असं बरंच लिहून झालंय. आज थोडं क्रिकेटबद्दल लिहितो. पण सुरुवात फुटबॉलनं करावी लागेल, तीही गोव्यातून.

१८ मार्च २०२३. धाकटी बहीण मडगावला दिलेली, तिच्याकडे गेलो होतो. भाच्यानं फातोर्ड्याच्या स्टेडियमची दोन तिकिटं काढून ठेवली होती. इंडियन सुपर लीगची फायनल, एटीके मोहन बागान विरुद्ध बेंगळुरू. मला फुटबॉलमधलं कळतं ते गोल झाल्यावर ओरडण्यापुरतं. सामना २-२ असा बरोबरीत राहिला आणि पेनल्टीवर मोहन बागान ४-३ नं जिंकले. आमच्या पुढच्या रांगेत कोलकात्याहून आलेली पाच-सहा मंडळी होती. मनसोक्त नाचली. नंतर बाहेर पडताना त्यांच्यातल्या एका साठीच्या गृहस्थांनी मोबाईल बघितला, शेजाऱ्याला दाखवला आणि तिथंच पायरीवर बसून रडायला लागले. मला वाटलं, घरून काही वाईट बातमी आली की काय. भाच्यानं चौकशी केली. बातमी अशी होती, की क्लबचे मालक संजीव गोएंका यांनी जाहीर केलं होतं, पुढच्या मोसमापासून नावातलं 'एटीके' जाणार.

मोहन बागान हा १८८९ सालचा क्लब. १९११ मध्ये त्यांनी इंग्रजांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली, अकरातले दहा जण अनवाणी खेळून. असा हा क्लब २०२० मध्ये एटीकेशी जोडला गेला. एटीके हा २०१४ साली निघालेला क्लब, पण त्याचं नाव पुढे लागलं. जर्सीचा हिरवा-मरून रंग राहिला, होडीचं चिन्ह राहिलं, तरी पुढचं ते नाव लोकांना तीन वर्षं टोचत राहिलं. 'रिमूव्ह एटीके' असे फलक घेऊन ते फिरले.

"मामा, कप मिळाला तेव्हा नाचले आणि तीन अक्षरं गेली म्हणून रडले. कमाल लोक आहेत नं!" भाचा म्हणाला.

"तू तुझ्या पणजोबांची वही बघितली नाहीस, म्हणून असं म्हणतोस," मी म्हटलं.

आता त्या वहीबद्दल.

माझे आजोबा होळकर सरकारच्या हिशेब खात्यात कारकून होते. रामबागेत भाड्याच्या दोन खोल्या, घरात सात माणसं. स्वतः कधी बॅट हातात धरली नाही, पण क्रिकेटचं वेड असं, की सामना असला की सायकल यशवंत क्लबच्या मैदानाकडे वळलीच. हिशेबाचा माणूस, त्यामुळे सामन्यांचाही हिशेब ठेवायचा. लाल कापडी पुठ्ठ्याची वही, पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली 'होळकर संघ'. प्रत्येक सामन्याच्या धावा, बळी, आणि शेवटी उजवीकडे एक बारीक रकाना: 'कितवी'. म्हणजे करंडक जिंकला, तर तो कितवा. त्यांच्या हिशेबात करंडकसुद्धा 'रणजी', म्हणून स्त्रीलिंगी!

त्या रकान्यात चार आकडे आहेत. १९४५-४६ समोर १, १९४७-४८ समोर २, १९५०-५१ समोर ३ आणि १९५२-५३ समोर ४.

आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही, पण १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत आपलं इंदूर दहा वेळा रणजीच्या अंतिम सामन्यात होतं. चार जिंकले, सहा हरले. कर्नल सी. के. नायडू कर्णधार, मुश्ताक अली सलामीला, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, जगदाळे, भांडारकर, खंडू रांगणेकर, हिरालाल गायकवाड. यशवंतराव महाराजांनी ठिकठिकाणची माणसं आणून इंदूरची केली. १९४६ च्या फायनलला कर्नलसाहेबांनी बडोद्याविरुद्ध २०० केल्या, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटलेली होती!

त्याच मोसमात म्हैसूरविरुद्ध इंदूरला ८ बाद ९१२ झाल्या. एका डावात सहा शतकं: भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रताप सिंग. माझे वडील तेव्हा सात-आठ वर्षांचे. आजोबा त्यांना सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून घेऊन गेले होते. वडिलांना खेळ काहीच आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आजोबा पेन्सिलीला टोक करून करून कंटाळले आणि शेवटी म्हणाले, "पुरे करा आता, पान संपलं."

हारण्याच्या गोष्टीही वहीत तितक्याच निगुतीनं लिहिल्यात. १९४५ च्या फायनलला मुंबईनं ८६७ धावांचं लक्ष्य दिलं. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन तेव्हा लष्करी नोकरीत महूला होता, तो आपल्याकडून खेळला आणि नाबाद २४९ केल्या. तरी ३७४ धावांनी हरलो. १९४७ ला बडोद्यात विजय हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९, दोघांची ५७७ ची भागीदारी. (बडोद्याच्या वाचकांनी इथं खुशाल टाळ्या वाजवाव्यात. आजोबांनी त्या पानावर फक्त 'बाप रे' लिहिलंय.)

आता नावाचं.

२८ मे १९४८ ला मध्यभारत राज्य झालं. होळकर संस्थान गेलं, तरी संघाचं नाव पुढे सात वर्षं टिकलं. १९५४-५५ ची फायनल इंदूरलाच झाली, मद्रासविरुद्ध. वडील तेव्हा सतरा वर्षांचे, त्यांनी तो सामना पूर्ण पाहिला. आपण ४६ धावांनी हरलो. तो होळकर संघाचा शेवटचा सामना ठरला. पुढच्या मोसमापासून संघ 'मध्यभारत' झाला, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला नवं राज्य झाल्यावर थोड्याच काळात 'मध्य प्रदेश'.

वहीत मद्रासचा सामना आहे. पान उलटलं की नव्या पानावर 'मध्यभारत' असं शीर्षक आहे, खाली दुहेरी रेघ मारलेली आहे, रकाने आखलेले आहेत. आणि मग काही नाही. पुढची सगळी पानं कोरी.

आजोबा त्यानंतरही सामने बघायला जात होते, हे वडिलांनी मला अनेकदा सांगितलंय. नव्या सरकारवर त्यांचा राग नव्हता, पगार आणि पेन्शन दोन्ही तिथूनच आलं. वही का थांबवली, असं एकदा वडिलांनी विचारलं, तर म्हणाले, "रकाना कुठून सुरू करू ते कळेना. पाच लिहायचं की एक?"

मी लहानपणी ही गोष्ट ऐकून हसायचो. म्हाताऱ्या माणसाची खोड, एवढंच वाटायचं. मला ती कळली २६ जून २०२२ ला.

त्या दिवशी बेंगळुरूला मध्य प्रदेशनं मुंबईला सहा गडी राखून हरवलं आणि रणजी जिंकली. आदित्य श्रीवास्तव कर्णधार, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. पंडित मुंबईचेच, पण १९९८-९९ मध्ये आपले कर्णधार होते आणि याच मैदानावर कर्नाटकविरुद्ध फायनल हरले होते. तेवीस वर्षांनी तिथंच जिंकले आणि मैदानात रडले. पहिल्या डावात यश दुबे, शुभम शर्मा आणि आपल्या इंदूरचा रजत पाटीदार, तिघांची शतकं. घरात जल्लोष. मी जलेबी आणायला निघालो, तेवढ्यात टीव्हीवर आलं: मध्य प्रदेशचं पहिलंवहिलं रणजी विजेतेपद.

वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे. ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. "पहिलं?" म्हणाले. "अन् आधीची चार काय मुंबईकरांनी जिंकली?"

मुलगा म्हणाला, "आजोबा, ती होळकरांची होती. ही टीम वेगळी."

त्यावर वडिलांनी जे विचारलं, त्याचं उत्तर आमच्यात कुणाकडेच नव्हतं. "समोर मुंबई खेळत होती नं? त्यांची किती?"

"एक्केचाळीस."

"मग त्यातली मुंबई म्हणून किती अन् बॉम्बे म्हणून किती?"

मंडळी, यावर जरा विचार करा. 'बॉम्बे' नावानं जिंकलेल्या सगळ्या करंडकांसकट मुंबईचे २०२२ मध्ये एक्केचाळीस मोजले जात होते, आणि ते बरोबरच होतं. मद्रासचं तमिळनाडू झालं. १९५५ ला ज्या फायनलमध्ये त्यांनी आपल्याला हरवलं, तो विजय आज तमिळनाडूच्या खात्यात आहे. बडोद्याचं शहर कागदोपत्री वडोदरा झालं, संघ अजून बडोदाच आहे. म्हणजे त्या एकाच सामन्यात जिंकणाऱ्याला वारस आहे आणि हरणाऱ्याला नाही! याद्या बघाल तर कुठे 'होळकर, ४' अशी वेगळी ओळ असते, कुठे दोन्ही एकत्र धरतात. पण बातमी देताना सगळ्यांच्या तोंडी 'पहिलं'च आलं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर आमच्या आत्याबाई म्हणतील एकतर्फी लिहिलं.

एक म्हणजे, 'होळकर' हे नावही काही आकाशातून पडलेलं नव्हतं. रणजी सुरू झाली १९३४-३५ ला, तेव्हा आपल्या भागाचा संघ 'सेंट्रल इंडिया' म्हणून खेळायचा. १९४१-४२ पासून तो 'होळकर' झाला. म्हणजे ज्या नावासाठी आम्ही गळा काढतो, ते उणंपुरं चौदा मोसम चाललं. तेव्हाही कुणा म्हाताऱ्यानं वहीत रकाना कसा आखू म्हणून डोकं खाजवलं असेल.

दुसरं म्हणजे, राज्य लोकांचं झाल्यावर संघानं राजघराण्याचं नाव का मिरवावं? त्यात मध्यभारतात इंदूर एकटं नव्हतं, ग्वाल्हेर होतं. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, आपले यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. राजधानीसुद्धा हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. अशा राज्याच्या संघाला 'होळकर' म्हणा असं ग्वाल्हेरच्या मंडळींना सांगितलं असतं, तर काय झालं असतं हे मी लिहायला नको. त्यांच्यासाठी आणि पुढे भोपाळ-जबलपूरच्या पोरांसाठी नवं नावच आपलं होतं.

हे सगळं मला पटतं. नाव बदलायलाच हवं होतं, असंही मी म्हणेन. पण पाटी बदलली म्हणून आधीचा हिशेब मिटवायचा नसतो. घराण्याचं आडनाव बदललं तरी आजोबा बदलत नाहीत. फातोर्ड्याच्या पायरीवर रडणाऱ्या त्या बंगाली गृहस्थांना तरी काय हवं होतं? त्यांचा क्लब कुठे गेला नव्हता. खेळाडू होते, कप होता. पण १९११ ची शील्ड ज्या नावानं जिंकली, ते नाव दुसऱ्याच्या मागे उभं केलं होतं. आपण जिंकलो असं म्हणताना 'आपण' म्हणजे कोण, हे दर वेळी समजावून सांगावं लागत होतं.

आपल्याकडे खुणा अगदीच पुसल्या गेलेल्या नाहीत. देशातली टी-ट्वेंटी स्पर्धा सय्यद मुश्ताक अलींच्या नावानं आहे, तरुणांची एक स्पर्धा कर्नल सी. के. नायडूंच्या. उषाराजे ट्रस्टच्या मैदानाला २०१० मध्ये 'होळकर स्टेडियम' नाव दिलं. पुढच्या वर्षी सेहवागनं तिथं २१९ केल्या, तेव्हा वडिलांना घेऊन गेलो होतो. खेळ सुरू व्हायच्या आधी ते बाहेर थांबून पाटीच वाचत होते. मागून एक पोरगा म्हणाला, "चलो ना भिया, टॉस हो गया." वडील म्हणाले, "तू हो पुढे. मी पंचावन्न वर्षं थांबलोय."

तर २६ जून २०२२ कडे परत येतो. जलेबी खाऊन झाल्यावर वडिलांनी वही मागितली. 'मध्यभारत' शीर्षकाचं ते कोरं पान काढलं. शीर्षक खोडलं नाही. त्याच्या पुढे एक स्वल्पविराम देऊन 'मध्य प्रदेश' लिहिलं आणि सदुसष्ट वर्षांपूर्वी आखलेल्या रकान्यांत बेंगळुरूच्या सामन्याच्या धावा भरल्या. हात थरथरत होता, आकडे रेघेबाहेर गेले. 'कितवी'च्या रकान्यात त्यांनी ५ लिहिला. मुलगा काही बोलला नाही. त्यानं फक्त विचारलं, "पुढचं पान मी आखू?"

आता एक विनंती. तुमच्या घरात होळकर संघाची काही वस्तू असेल, सामन्याचा पास, जुना फोटो, कात्रण, कुणाच्या आजोबांनी लिहिलेलं पत्र, तर इथं टाका. म्हैसूरच्या सामन्याला हजर असलेलं कुणी घरात असेल, तर आजच जाऊन बसा त्यांच्याजवळ. आणि ग्वाल्हेर-बडोद्याच्या मंडळींनी भांडायला जरूर यावं, पोहे-जलेबी आमच्याकडून.