कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमधील स्लॅम : बोलीचा इतिहास आणि निर्णयाचे मोल

प्रस्तावना

पत्त्यांच्या खेळात दैवाचा वाटा किती आणि बुद्धीचा किती, हा प्रश्न जुनाच आहे. कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये तो सर्वाधिक तीव्रतेने उभा राहतो तो स्लॅमच्या डावात. तेरापैकी बारा हात करण्याची बोली म्हणजे स्मॉल स्लॅम आणि तेराही हात करण्याची बोली म्हणजे ग्रँड स्लॅम. या बोलीचा विकास कसा झाला आणि निर्णयाच्या मूल्यमापनाविषयी त्यातून काय बोध होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमातील बदल

विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ असलेल्या ऑक्शन ब्रिजमध्ये स्लॅमला अनुक्रमे ५० व १०० गुणांचे बक्षीस मिळे. परंतु त्यासाठी आधी तशी बोली केलेली असणे आवश्यक नव्हते. जास्तीचे हात आपोआप पदरात पडत. फ्रान्समधील प्लाफाँ या खेळात मात्र गेमसाठी केवळ बोललेलेच हात धरले जात. १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी पनामा कालव्यामार्गे हवानाकडे निघालेल्या ‘फिनलंड’ जहाजावर नवी गुणपद्धती खेळून पाहिली. या पद्धतीत स्लॅमचे भरघोस बक्षीस बोलीशी बांधले गेले. जे आधी सांगितले नाही, त्याचे श्रेय नाही, हे तत्त्व यातून प्रस्थापित झाले. परिणामी खेळाचे केंद्र पाने टाकण्याच्या कौशल्याकडून पाने पडण्यापूर्वी करावयाच्या निर्णयाकडे सरकले.

मर्यादित भाषेतील प्रश्नोत्तरे

हा निर्णय दोन भिडूंनी एकमेकांची पाने न पाहता घ्यावयाचा असतो. बोलींची संख्या अवघी पस्तीस. म्हणून प्रत्येक बोलीला नेमका अर्थ देणे भाग पडले. इली कल्बर्टसन यांच्या पद्धतीत ‘चार बिनहुकूम’ ही बोली तीन एक्के, अथवा दोन एक्के व बोललेल्या रंगाचा राजा असल्याचे सांगे. १९३३ मध्ये इंडियानापोलिस येथील विमा व्यवसायातील ईस्ली ब्लॅकवुड यांनी याच बोलीला प्रश्नाचे रूप दिले : भिडूकडे एक्के किती? पाच किलवर म्हणजे एकही नाही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन, पाच इस्पिक म्हणजे तीन. या सुलभतेमुळे ही पद्धत जगभर रुजली. तथापि, एक्के किती हे कळले तरी कोणते हे कळत नाही. हाती एखादा रंगच नसेल, तर त्या रंगाचा एक्का निरुपयोगी ठरतो. त्यामुळे विशिष्ट रंगावरील ताबा दर्शविणाऱ्या क्यू-बोलींचे महत्त्व टिकून राहिले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँड स्लॅम फोर्समध्ये ‘पाच बिनहुकूम’ बोलून हुकमाच्या वरच्या तीन पानांपैकी दोन भिडूकडे आहेत का, हे विचारले जाई. पुढे रोमन की-कार्ड पद्धतीने हुकमाच्या राजाला एक्क्यांच्या पंगतीत बसविले.

धोक्याचे गणित

आजच्या डुप्लिकेट गुणपद्धतीत इस्पिक हुकूम असताना, पहिल्या अवस्थेत (नॉन-व्हल्नरेबल) चार बोलून बारा हात केल्यास ४८०, तर सहा बोलून ९८० गुण मिळतात. लाभ ५०० गुणांचा. अकराच हात झाल्यास ४५० ऐवजी उणे ५० पडतात. हानीही ५०० गुणांचीच. म्हणजे केवळ एका फिनेसवर, अर्थात ५० टक्के शक्यतेवर, अवलंबून असलेला स्मॉल स्लॅम बोलणे वा न बोलणे समसमान ठरते. ग्रँड स्लॅमचे गणित निराळे आहे. सहा बोलून निश्चित मिळणारे गुण पणाला लागत असल्याने, एकूण गुणांच्या हिशेबात सुमारे दोन-तृतीयांश शक्यता हवी. सांघिक सामन्यांच्या गुणांकनात सुमारे ५६ टक्के पुरते.

१९७५ चा डाव

या गणिताची कसोटी १९७५ च्या बर्म्युडा बाऊल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लागली. इटलीच्या जॉर्जिओ बेलाडोना व बेनितो गारोझो या जोडीने किलवर हुकमावर सात बोलले; हुकमाचा राजा मात्र प्रतिपक्षाकडे होता. दुसऱ्या टेबलावर उत्तर अमेरिकेच्या बॉब हॅमन व बॉबी वुल्फ यांनी सहा बिनहुकूम बोलून ते पूर्ण केले. बेलाडोनांचा डाव साधण्यासाठी राजा सोयीच्या बाजूस आणि लवकर पडेल असा असणे आवश्यक होते. एडी कँटर यांच्याकडे नेमके किलवर राजा व दश्शी अशी दोनच पाने होती. फिनेस साधला, पुढच्याच हातात एक्क्याखाली राजा पडला आणि विजेतेपदही इटलीकडे गेले.

समारोप

ही बोली विजयी ठरली. तिला योग्य म्हणता येईल काय? शक्यतेच्या निकषावर उत्तर नकारार्थी येते, आणि हॅमन–वुल्फ यांचा संयम सदोष ठरत नाही. आधी सांगून करण्याला मोल देणाऱ्या १९२५ च्या नियमाने निर्णय आणि फळ यांतील अंतर मोजता येण्याजोगे केले. यशावरून निर्णयाची परीक्षा करण्याची सवय खेळाबाहेरही सार्वत्रिक आहे. निर्णयाच्या क्षणी काय ज्ञात होते, हे आधी पाहावे आणि निकाल नंतर, ही शिस्त स्लॅमच्या इतिहासातून शिकण्यासारखी आहे.