दृश्यकोनाच्या आकड्यामागचे बेंगळुरू
मॉनिटरच्या माहितीपत्रकात ‘व्ह्यूइंग अँगल १७०/१६० अंश’ असा एक आकडा असतो. त्यामागचा एक धागा बेंगळुरूला पोहोचतो. द्रवस्फटिकांचे रेणू काडीसारखे लांबटच असतात, असा समज दीर्घकाळ होता. १९७७ मध्ये रामन संशोधन संस्थेतील एस. चंद्रशेखर (नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ ते वेगळे), बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी चकतीसारखे रेणूही नाण्यांच्या चळतीप्रमाणे रचले जाऊन द्रवस्फटिक बनतात, हे दाखवले. शोधनिबंध ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात आला.

स्वस्त टीएन पॅनेलमध्ये व्होल्टेज दिल्यावरही काचेलगतचे काडीरूप रेणू तिरकेच राहतात. म्हणून बाजूने पाहता काळा रंग करडा दिसतो. १९९० च्या दशकात जपानच्या फुजीफिल्मने चकतीरूप रेणूंचा थर असलेली फिल्म आणली. चकत्यांचे प्रकाशीय वर्तन काड्यांच्या उलट, त्यामुळे गळणारा प्रकाश बराच आवरला गेला. शोध इथला आणि फिल्म तिथली, ही रुखरुख उरतेच.

मात्र हा आकडा सहसा कॉन्ट्रास्ट १०:१ पर्यंत घसरतो तेवढाच कोन सांगतो. रंग त्याच्या कितीतरी आधी बिघडलेले असतात. आयपीएस पॅनेलच्या १७८ अंशांशी त्याची तुलना म्हणूनच फसवी ठरते.