जुने नकाशे आणि नवेगाव बांध

नवेगाव या नावाची गावे विदर्भात इतकी आहेत की पुढे काही जोडल्याशिवाय पत्रदेखील ठिकाणावर पोचू नये. नागपूरकडे नवेगाव खैरी आहे, आणि गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगाव बांध आहे. या गावाच्या नावात तलाव नाही, तलाव अडवणारी माती आहे, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले. मी मराठीचा अध्यापक. नकाशा हा भूगोलाच्या वर्गातला ऐवज, अशीच माझीही समजूत होती. जुने नकाशे समोर पसरून बसल्यावर मात्र तेही साहित्याच्या संहितेसारखेच वाचावे लागतात, असे वाटू लागले. ते कोणी काढले, कोणासाठी काढले आणि त्यांनी काय गाळले, हे विचारल्याशिवाय ते बोलत नाहीत.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मांडणीत नवेगाव बांध '६४ डी/१' या स्थलनिर्देशक नकाशावर येते. (हिंदुस्थानच्या महासर्वेक्षणाचा प्रवर्तक विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला वारला. त्याची मापनरेषा ७८ व्या रेखावृत्ताच्या आसपासची, म्हणजे नवेगावपासून सुमारे दोनशे किलोमीटर पश्चिमेला. आमच्या भागाकडे सर्वेक्षकांचे लक्ष पुढे गेले.) या नकाशावर प्रथम डोळ्यांत भरतो तो निळा, वेडावाकडा आकार. पण इतिहास शोधायचा तर काही वेळ त्या निळ्या रंगाकडे दुर्लक्ष करून भोवतीच्या तपकिरी समोच्च रेषा वाचाव्यात. टेकड्यांचे कडे तलावाला वेढून आहे. ते सलग नाही, मधूनमधून तुटलेले आहे; आणि जिथे ते तुटते तिथेच माणसाने पाळ घातली आहे.

ब्रिटिश काळातील गॅझेटियरांनी या तलावाचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना दिले असून त्याचा काळ अठराव्या शतकाचा आरंभ असा सांगितला आहे. पाण्याचे क्षेत्र सुमारे ५ चौरस मैल आणि परीघ १७ मैल, असेही आकडे तिथे येतात. भोवतीच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात. या बहिणींच्या देवतांनी कोलू पाटलांना बांध घालायला मदत केली, अशी आख्यायिका आहे. पुढे ते स्वतः कोलासूर देव झाले आणि त्यांचे ठाणेही तिथल्याच एका टेकडीवर आहे.

गॅझेटियरकारांनी ही कथा एक गमतीची लोकसमजूत म्हणून टिपली. आपले अभ्यासकही बहुधा तिला 'दंतकथा' या रकान्यात टाकून पुढे जातात. माझे म्हणणे असे की समोच्च रेषांचा नकाशा शेजारी ठेवला तर ही कथा बांधकामाचा अचूक वृत्तांत ठरते. सतरा मैलांच्या परिघात माणसाने बांधलेला भाग थोडा आहे. उरलेले पाणी टेकड्यांनीच धरले आहे. बहिणींनी मदत केली ती ही. सर्वेक्षकांनी दुर्बिणी आणि साखळ्या लावून जे उंचसखलपण कागदावर उतरवले, ते त्याआधी दीड-दोन शतके एका कोहळ्याने पावसाळ्यातले ओहोळ पाहत, पायी फिरून ओळखले होते. त्यांचा नकाशा कागदावर नव्हता म्हणून तो नव्हताच, असे मानण्याची चूक आपण अजूनही करतो.

दुसऱ्या जातीचा नकाशा महसुलाचा. मध्य प्रांतातील गाव-नकाशे १६ इंचास एक मैल या प्रमाणात काढले जात. म्हणजे कागदावरचा एक इंच ही जमिनीवरची ३३० फूट. झाडीपट्टीतल्या कोणत्याही तलावाच्या गावाचा असा नकाशा पाहावा. पाळीच्या खालच्या अंगाला धानाच्या बांध्या दाटीने लागलेल्या असतात, वरच्या अंगाला क्रमांक मोठे आणि विरळ होत जातात. पाणी कुठवर पोचत होते हे बांध्यांच्या आकारावरूनच कळते. पण तुडुम कोणी उघडायचा, पाटाची पाळी कोणाची, सलंग फुटली तर माती कोणी टाकायची, हे त्यात नसते. त्यासाठी 'वाजिब-उल-अर्ज' आणि 'निस्तारपत्रक' यांची जोड हवी. नकाशा जमीन सांगतो, ही कागदपत्रे माणसांमधला व्यवहार सांगतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही त्यांना जागा आहे, हे आमच्या बहुतेक पदवीधरांना ठाऊक नसते.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव शासनाकडे आले. 'माजी मालगुजारी' या शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. मालगुजारीबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. त्या पाळींत बिगारीचा घामही मुरलेला आहे, आणि कोलू पाटलांचे नाव उरले तरी टोपल्या वाहणाऱ्यांची उरली नाहीत. मात्र मालकीचा रकाना एका दिवसात बदलला, पाळ राखण्याची गावाची सवय त्याच वेगाने शासकीय खात्यात वर्ग होणे शक्य नव्हते. आज गाळाने भरलेले मामा तलाव पाहताना हा दुवा सुटलेला दिसतो.

तिसरा नकाशा सर्वांत अलीकडचा, सीमारेषेचा. १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आला. वनासाठी ही रेषा हवी होती, याबद्दल मला शंका नाही. पण रेषेच्या आत गावे होती. कवलेवाडा, कालीमाती, झनकारगोंदी येथील कुटुंबे सौंदडजवळ श्रीरामनगरला नेऊन वसवली गेली. पुढे त्यातली माणसे मागण्यांसाठी पुन्हा जंगलात जाऊन बसल्याच्या बातम्याही आपण वाचल्या.

वस्ती उठलेल्या गावाला जुन्या महसुली भाषेत 'बेचिराग' म्हणत. ज्या गावात दिवा लागत नाही ते. आपण त्याचे 'बेचिराख' केले आणि त्यात नसलेली राख शोधू लागलो. महसुलाच्या दृष्टीने बेचिराग गाव नाहीसे होत नाही. त्याची शीव राहते, क्रमांक राहतात. जुन्या नकाशावर ही तिन्ही गावे अजून बारीक काळ्या चौकोनांनी दाखवलेली आहेत, जवळ विहिरीची खूण आणि तुटक रेषेची पायवाट आहे. श्रीरामनगर मात्र त्यातल्या एकाही नकाशावर नाही.