राणीची चित्रं, मुन्शीची पत्रं

प्रसिद्ध माणसांच्या खासगी आयुष्याचा वाद मोबाइलबरोबर जन्मला, असं तुम्हाला वाटत असेल, तर लंडनमधला १८४९ चा एक खटला पाहा.

व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट हौसेनं एचिंगची चित्रं काढत. छपाईसाठी पत्रे विंडसरला पाठवले, तेव्हा छापखान्यातल्या एकानं चोरून जास्तीच्या प्रती काढल्या. त्या फिरत फिरत स्ट्रेंज नावाच्या प्रकाशकाच्या हाती लागल्या. अल्बर्टनं कोर्ट गाठलं. कोर्टानं प्रदर्शन तर थांबवलंच, पण चित्रांची माहिती देणारी यादी छापायलाही मनाई केली. मला ही दुसरी मनाई जास्त मोलाची वाटते. घरात काय आहे हे बाहेर सांगणं, हेही घरात शिरणंच की! १८९० मध्ये अमेरिकेत वॉरन आणि ब्रँडाइस यांनी खासगीपणाचा हक्क मांडताना याच निकालाचा आधार घेतला.

आता १९०१. राणी गेली आणि सातव्या एडवर्डच्या हुकमानं तिच्या हिंदुस्थानी मुन्शीच्या, अब्दुल करीमच्या घरातली तिची पत्रं जाळण्यात आली. राणीला उर्दू शिकवणाऱ्या या माणसाच्या खासगीपणाचं काय? त्याची स्वतःची रोजनिशी मात्र वाचली. कुटुंबानं ती जपली आणि शंभरेक वर्षांनी लेखिका श्रबणी बसू यांच्यापर्यंत ती पोचली.