गाभाऱ्यातील अंधार आणि छायाचित्रकला

मंदिराचा जीर्णोद्धार हे पुण्यकर्म खरेच; परंतु जे जीर्ण झाले ते मुळात कसे होते, याची नोंद ठेवणे हेही त्याच पुण्याचे अंग आहे. ग्रामस्थ व देणगीदार बंधुभगिनींना त्यामागील इतिहास कळावा, म्हणून हा लेखप्रपंच.

देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर घ्या किंवा निलंग्याचे नीलकंठेश्वर, आपल्या नांदेड-लातूर भागातील प्राचीन मंदिरे आतून अंधारीच. गाभाऱ्यास खिडकी नसते. दारातला उजेड सभामंडप ओलांडून आत पोहोचेपर्यंत मंदावतो. भाविकाचे डोळे त्या अंधारास थोड्या वेळात सरावतात. कॅमेऱ्यासही तसाच वेळ द्यावा लागतो.

मराठवाड्यात हे काम दीडशे वर्षांहून जुने आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ साली रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्यांनी रंगविलेल्या प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. मात्र गिल यांनी घेतलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ सालीच फर्ग्युसन यांच्या ग्रंथात छापली गेली होती, ती उरली. पुढे १९९१ साली बिनॉय बहल यांनी अजिंठ्याची चित्रे फ्लॅश न वापरता, तेथील मंद उजेडातच टिपली.

फ्लॅशचा प्रकाश समोरून पडला की सावल्या पुसल्या जातात व कोरीव काम सपाट दिसते. दारातून येणाऱ्या तिरप्या उजेडात तीच नक्षी उठून दिसते. यासाठी कॅमेरा तिपाईवर ठेवून झडप काही सेकंद उघडी ठेवतात. पूर्वाभिमुख मंदिरास सकाळची वेळ उत्तम. उजेड कमी पडल्यास दाराशी पांढरे धोतर ताणून धरावे; ऊन आत वळते. मोबाइलनेही हे साधते. तो हातात न धरता टेकवून ठेवावा, इतकेच.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील दगडमातीची घरे क्षणांत कोसळली. हजारो माणसे गेली. जे वाचले, त्यांतील कितीकांपाशी आपल्या वाड्याचे एकही चित्र नव्हते. भूकंप नसला तरी भक्तिभावाने चढविलेले तैलरंगाचे थरही नक्षी हळूहळू गिळतातच. जीर्णोद्धारातही दगड उचलण्यापूर्वी त्यावर क्रमांक घालून छायाचित्र घेतले, तर खांब पुन्हा आपल्याच जागी बसतो. नाही तर कोणते शिल्प कोणत्या बाजूचे, यावर गावात वाद उरतो.

असो. एकच विनंती. आपल्या घरी लग्नाचा, मुंजीचा वा उत्सवाचा जुना फोटो असेल आणि त्यात मागे आपला सभामंडप दिसत असेल, तर तो समितीस पाहावयास द्यावा. मागे साल व दिशा लिहावी. फोटोत माणसे कोण आहेत तेही लिहावे. मंदिर त्यांचेही होते.